साग कशाला हवा?

लाकूड ओळखता येतं याचा मला गर्व आहे. माझी सगळी नोकरी वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेली. खोडाचे काप, वाहिन्या, वार्षिक वलयं फळ्यावर काढून काढून हात बसला होता. निवृत्तीनंतर घरच्या घरी फर्निचर करायचं वेड लागलं आणि ही विद्या पहिल्यांदाच घरच्या उपयोगाला आली. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये पर्समधून भिंग काढणारी बाई दिसली की गल्ल्यावरची माणसं एकमेकांकडे बघायची. ‘मिस्टर नाही आले?’ असंही विचारायची. आता उलट एखादी फळी पुढे करून म्हणतात, ‘मॅडम, ही सांगा बरं.’ मी सांगते. बहुतेक वेळा बरोबर निघतं आणि घरी येताना रिक्षात मी खूश असते.

या खुशीचीच एकदा झडती घ्यावी, असं बरेच दिवस मनात आहे.

लाकूड कसं ओळखायचं ते आधी सांगते, कारण तेवढ्या भागात तरी लपवण्यासारखं काही नाही. फळीच्या अंगावरच्या रेषांवर विसंबू नये. लाकूड कुठल्या बाजूने चिरलंय, वर काय फासलंय, यावर त्या बदलतात. टोक बघावं. धारदार पात्याने टोकाची एक पातळ ढलपी काढायची, बोट ओलं करून कापलेल्या जागेवर फिरवायचं आणि दहापटीचं भिंग डोळ्याला लावून फळी डोळ्याजवळ आणायची. सागात वर्षाच्या वाढीच्या सुरुवातीची मोठी छिद्रं ओळीने बसलेली दिसतात, नंतरची बारीक आणि विखुरलेली. त्यामुळे एकेक वर्ष वेगळं मोजता येतं. आंब्यात छिद्रं सगळीकडे सारखीच पसरलेली, वलय शोधावं लागतं. पाइनमध्ये ही छिद्रं नसतातच, फक्त राळेच्या नळ्या. पाइनला रंग देऊन साग म्हणून खपवणारा भेटला तर तो भिंगापुढे क्षणभरही टिकत नाही.

मग हात आणि नाक. रंधा मारलेल्या सागाला तेलकट स्पर्श असतो आणि कमावलेल्या चामड्याच्या जवळ जाणारा वास. त्यात सिलिका असते, म्हणून रंध्याचं पातं लवकर बोथटतं. फणस ताजा चिरला की पिवळाधमक, मग उजेडात राहून राहून तांबूस तपकिरी होत जातो. बिबळ्याची खूण तर मी नातवंडांना जादू म्हणून दाखवते. त्याची ढलपी काचेच्या पेल्यात पाण्यात टाकायची. पाणी पिवळसर होतं आणि पेला उन्हात तिरपा धरला की त्यातच निळी झाक उठते.

वखारीत करवतीवर बसणारे एक म्हातारे आहेत. त्यांना यातलं काहीच लागत नाही. फळी एका टोकाने उचलतात, नख मारतात, भुसा चिमटीत घेऊन हुंगतात आणि नाव सांगतात. माझं भिंग त्यांना करमणुकीचं वाटतं. आमची उत्तरं सहसा जुळतात. फरक एवढाच की माझ्या उत्तराचं कौतुक होतं आणि त्यांचं उत्तर धंद्यातलं म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

तर भिंगाने जात कळते. झाड कुठल्या डोंगरावरचं, कुणी तोडलं, कुणाच्या मालकीचं होतं, त्याचे पैसे कुणाला पोचले, यातलं काहीही त्या छिद्रांतून दिसत नाही. ते विचारावं लागतं. आणि झडतीत पहिली गोष्ट हाती लागते ती हीच, की जातीबद्दल अर्धा अर्धा तास हुज्जत घालणारी मी, या बाबतीत मुकाट असते. न विचारण्यात माझा भोळेपणा नाही. विचारलं तर उत्तर मिळेल आणि उत्तर मिळालं तर कदाचित ते लाकूड सोडावं लागेल, हे मला पक्कं ठाऊक असतं.

कायदा मला चांगला माहीत आहे. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड अधिनियम आहे आणि त्याच्या यादीत सोळा झाडं आहेत. साग, ऐन, खैर, बिबळा तर आहेतच, पण आंबा, फणस, चिंच, जांभूळही आहेत. म्हणजे स्वतःच्या वाडीतलं झाड तोडायलाही परवानगी लागते. जंगलातून निघालेल्या ओंडक्यावर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का हवा, वाहतुकीला पास हवा. आदिवासी खातेदाराच्या शेतातली झाडं कुणी मातीमोल भावाने उचलू नयेत म्हणून १९६९ चा वेगळा कायदा आहे. हे सगळं मी इतरांना सांगत आले. पण ओंडका चिरला की शिक्का भुशात जातो. वखारीत माझ्यापुढे येते ती चारही बाजूंनी स्वच्छ रंधलेली फळी. त्यावर ‘बिल पाहिजे का?’ असा प्रश्न येतो. त्या प्रश्नातला ‘का’ मला नीट ऐकू येतो. बिल नको म्हटलं तर जीएसटी वाचतो, आणि त्याबरोबर त्या लाकडाचा मागमूसही पुसला जातो. पैशाची बचत दिसते म्हणून मी तिकडे बघते. दुसरं जे पुसलं जातं, ते मलाही सोयीचंच असतं.

वखारीतली नावंच बघा. ‘सीपी’ म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीकडचा साग. ज्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसवरून हे नाव पडलं तो प्रांत जाऊन जमाना झाला, पण भावफलकावर तो अजून शाबूत आहे. बल्लारशाच्या डेपोतला साग अयोध्येच्या मंदिराच्या दरवाज्यांना गेला, नव्या संसद भवनालाही नागपूरकडचा साग लागला. त्यामुळे हल्ली विक्रेते ‘संसदेतलं लाकूड आहे’ असंही ऐकवतात. ‘बलसाड’ गुजरातचा. ‘घाना’, ‘सुदान’ आफ्रिकेतले, बहुतेक लागवडीचे. आणि सर्वांत वर, आवाज किंचित खाली आणून उच्चारलेलं ‘बर्मा’.

बर्मा म्हटलं की माझ्या कोकणी मनात रत्नागिरीचा थिबा राजवाडा येतो. १८६३ मध्ये मुंबईत निघालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ब्रह्मदेशाच्या राजाच्या जंगलांतून साग काढत होती. काढलेले ओंडके कमी दाखवले, रॉयल्टी बुडवली, असा ठपका ठेवून १८८५ मध्ये थिबाच्या दरबाराने तिला सुमारे तेवीस लाख रुपयांचा दंड केला. इंग्रजांना फ्रेंचांच्या तिथल्या वावराची धास्ती होतीच, त्यात हे निमित्त मिळालं. नोव्हेंबरात युद्ध पुकारलं आणि महिना संपायच्या आत राजा कैदेत गेला. त्याला रत्नागिरीला आणून ठेवलं. राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये, आणि डिसेंबर १९१६ मध्ये तो तिथेच वारला. शाळेच्या सहलीत आम्ही तो वाडा पाहिला होता तेव्हा गाइडने लाकूडकाम दाखवलं. राजा का आला ते सांगताना ओंडक्यांचा विषय काढला नाही.

आजचा हिशेबही फार वेगळा नाही. म्यानमारने २०१४ मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केली, तरी चिरलेलं लाकूड निघत राहिलं. २०२१ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि अमेरिकेने तिथल्या सरकारी लाकूड महामंडळावर निर्बंध घातले, कारण सागाचा पैसा थेट लष्कराकडे जातो. हे वाचून मी हळहळले होते. त्यानंतरही वखारीत बर्मा म्हणून पुढे केलेल्या फळीवरून मी हात फिरवला आहे, आणि मनात आलेली पहिली गोष्ट लष्कर नव्हती. पहिली गोष्ट होती: काय सरळ रेषा आहेत!

तेव्हा खरा प्रश्न याच्याही आधीचा आहे. मला साग हवाच कशाला?

सागाची थोरवी कशात आहे? तो वाळवीला दाद देत नाही, पाणी-पावसात टिकतो, ऋतू पालटला तरी फारसा फुगत-आकसत नाही. म्हणून जहाजांना लागला, वाड्यांच्या तुळयांना लागला. शनिवारवाड्याला जुन्नरच्या रानातला साग गेला असं सांगतात, आणि १८२८ च्या आगीत तो जळाला. पण मी करते काय? पुस्तकांचं शेल्फ, स्टूल, फोनखालचं टेबल. हे तिसऱ्या मजल्यावर, बंद खिडक्यांआड, पंख्याखाली राहणार आहे. त्याला कधी पावसाचा थेंब लागणार नाही. तिथे समुद्रावर टिकणारं लाकूड वापरण्याचं शास्त्रीय कारण मला विद्यार्थ्याने विचारलं असतं तर देता आलं नसतं. कारण एकच आहे. ‘सागाचं आहे हं’ हे वाक्य पाहुण्यापुढे टाकता येतं. आमच्या पिढीत आहेराच्या कपाटाची किंमत या एका शब्दावर ठरायची. ती पट्टी मी मोडली, असं मला वाटत होतं. मी ती फक्त रंधून गुळगुळीत केली.

या मोहाची मध्यमवर्गाला चांगली अद्दल घडलेली आहे. नव्वदच्या दशकात साग लागवडीच्या योजना निघाल्या होत्या: हजार-दोन हजार भरा, एक झाड तुमच्या नावावर, वीस वर्षांनी लाखाचं लाकूड. पुढे १९९९ मध्ये सेबीला अशा सामूहिक गुंतवणुकींसाठी नियम करावे लागले, तोवर पुष्कळांचे पैसे गेले होते. आमच्याही कपाटात असं एक प्रमाणपत्र आहे, हिरव्या किनारीचं. सासऱ्यांनी घेतलेलं. ते झाड कधी लावलं गेलं की नाही, देव जाणे.

मी आंबा वापरते, शिवण वापरते, पण त्यातही मन स्वच्छ नाही. शिवण हलकी, फिकट, रंध्याखाली लोण्यासारखी येते आणि वाळल्यावर जागची हलत नाही. घरातल्या कामाला याहून काय हवं? आंब्याला कष्ट जास्त. तोडल्यावर लवकर चिरावा लागतो, नाहीतर काळे डाग चढतात. पांढऱ्या भागात पिष्ट असल्याने भुंगेरे पोखरतात आणि खाली पीठ पडतं, त्यामुळे ओला असतानाच बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी पाजावं लागतं. मग फळ्यांमध्ये पट्ट्या घालून सावलीत रचायचा, इंचभर जाडीला साधारण वर्षभर. एवढं केलं की आंबा दोन पिढ्या सहज बघतो. जोधपूरचे कारखानदार तो जगाला विकतात. आणि हे सगळं करून मी शेवटी काय करते? त्यावर सागाच्या रंगाचं स्टेन लावते. दुकानात त्या डब्याला ‘टीक’ म्हणतात. कुणी विचारलं तर आंबा म्हणून सांगते, खोटं बोलत नाही. पण न विचारणाऱ्याने साग समजावं, एवढी सोय मी करून ठेवलेली असते.

प्लायवर विनियर मारलेलं फर्निचर बघून मी नाक मुरडते, तेही या झडतीत आलं पाहिजे. अर्धा मिलिमीटर जाडीचं विनियर कापलं तर एका घनफूट सागातून हिशेबाने सहाशे चौरस फुटांपर्यंत पृष्ठभाग झाकता येतो. आतलं प्लाय बहुतेक शेतात लावलेल्या निलगिरीचं नाहीतर पॉप्लरचं. माझ्या ‘अस्सल’ शेल्फमध्ये त्याच घनफुटाच्या दोन-तीन फळ्या बसतात. जंगलाच्या बाजूने उभं राहून बघितलं तर नाक कुणी मुरडायला हवं?

जुन्या लाकडावर माझी मदार होती. पेठेतला वाडा पडला की तुळया, कडीपाटाच्या फळ्या बाजारात येतात. नवं झाड तोडायला नको, लाकूड पुरतं मुरलेलं, बाक यायची भीती नाही. फक्त आतल्या खिळ्यांनी रंध्याचं पातं जातं. असं लाकूड आणलं की मला पुण्य केल्यासारखं वाटतं. (‘जुनं लाकूड म्हणजे भारी, भरभर वाढलेलं कमजोर’ ही समजूत मात्र सागाच्या बाबतीत सरसकट खरी नाही. लहान वयाच्या सागाची खोट वेगळी असते. गाभा कमी आणि पांढरा भाग जास्त, आणि पांढरा भाग कुठल्याही झाडाचा असो, कीड त्यालाच धरते.) पण एकदा सदाशिव पेठेतून जाताना पडायला आलेला एक वाडा दिसला. गॅलरीत कपडे वाळत होते, म्हणजे भाडेकरू अजून राहत होते. आणि माझी नजर कपड्यांच्या मागे, खांबांच्या जाडीवर होती. मनात मापंसुद्धा काढून झाली होती.

आज्ञापत्र मी निवृत्तीनंतर नीट वाचलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं, रामचंद्रपंत अमात्यांचं. आरमारासाठी लाकूड कुठून आणावं, याचा त्यात विचार आहे. साग वगैरे राज्यातल्या अरण्यातला परवानगीने तोडावा, आणखी लागेल तो परमुलखातून विकत आणावा. आंबे, फणस कामाचे असले तरी त्यांना हात लावू नये. ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने पोटच्या पोरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदी जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन तोडावं, जबरदस्ती करू नये. युद्धनौका बांधणाऱ्या राज्याने जात, जागा, धनी आणि मोल हे चारही प्रश्न विचारले होते. मला बांधायचं असतं स्टूल आणि मी पहिल्यावरच थांबते.

दापोलीजवळ माझं माहेर आहे. जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या वाडीतला मोठा फणस मुळासकट आडवा झाला. त्या दिवसांत व्यापारी गावोगाव फिरून पडलेली झाडं मिळेल त्या भावाने उचलत होते, लोकांना रस्ते आणि घरं मोकळी करायची घाई होती. चुलतभाऊ म्हणाला, ‘ताई, तू ने, तुझ्या कामाला येईल.’ मी मधला सोट चिरून ठेवून घेतला आणि पैशाचं विचारलं तर त्याला राग आला. पुढे आज्ञापत्रातला तो भाग वाचल्यावर मला काकूची आठवण झाली. झाड तिने लावलेलं, तिला कुणी विचारलंच नव्हतं. पुढच्या खेपेला मी अवघडत विषय काढला. काकू म्हणाली, ‘बरा गेला मेला. दरवर्षी कौलं फोडायचा, आणि खाली सुपारी धरू द्यायचा नाही. तुला हवा होता तर आधीच का नाही बोललीस?’ माझ्या अपराधी भावनेला तिने बसायला पाटसुद्धा दिला नाही. मी मात्र तिच्या दुःखाची सुंदर कल्पना करून, ते हळुवारपणे विचारायला आले म्हणून स्वतःवर खूश होते.

हाच चोरटा सूर सुतारांच्या बाबतीतही सापडतो. माझा छंद हे त्यांचं पोट आहे. पिढ्यान्‌पिढ्या बलुत्याच्या धान्यावर हे काम करणाऱ्यांची विद्या मी करवतीशेजारी उभी राहून, चहाच्या एका कपावर गोळा केली. कुठल्या फळीत पीळ पडेल, गाठ कुठे घ्यायची, पावसाळ्यात फुगणाऱ्या ड्रॉवरला किती जागा सोडायची, हे मला पुस्तकांनी शिकवलेलं नाही. माझ्या स्टुलाचं ‘हाताने केलंय?’ म्हणून कौतुक करणारे नातेवाईक त्याच सुताराशी शंभर रुपयांवरून घासाघीस करतात, आणि मी तिथे गप्प असते. हल्ली मी शिकवण्याचे पैसे देऊ केले. त्या म्हाताऱ्यांनी घेतले, मोजले आणि म्हणाले, ‘आता नीट शिका मग.’

गेल्या उन्हाळ्यात मुलाने बाक मागितला, दारातल्या चपलांजवळ बसायला, आणि सागाचाच हवा म्हणाला. तिथे पावसाचं पाणी येतं, त्यामुळे पायांना आणि बैठकीला साग घेण्याचं कारण या वेळी खरोखर होतं. मी वखारीत जाऊन डेपोच्या लिलावाचा कागद आणि बिल मागितलं. मालकाने माझ्याकडे नीट बघून विचारलं, ‘मॅडम, लाकूड पाहिजे की कागद?’ दोन्ही, म्हटलं. कागदवालं लाकूड आत, मागच्या थप्पीत होतं, महाग होतं आणि दिसायला पुढच्यापेक्षा डावं. बजेटात बसलं तेवढंच घेतलं. पाय आणि बैठक झाली, पाठीला उरलं नाही, म्हणून पाठ शिवणीची केली. बाक मजबूत आहे, पण खालून तांबूस आणि वरून फिकट पिवळा, दुरूनही दोन लाकडं दिसतात. सूनबाईला ते खटकतं. पॉलिशवाल्याकडून एकसारखा करून घेऊ या, म्हणते, तो ‘टीक’चा डबा घरात आहेच. मी अजून होकार दिलेला नाही. दिवाळीला तिच्या माहेरची माणसं यायची आहेत. तोवर देणारच नाही, असं छातीठोकपणे सांगता येत नाही.